कलम नऊ

हर्णै बंदराकडे उतरताना डाव्या हाताला माझं टेबल.
एकवीस वर्षं तेच कलम टंकतोय, फक्त नावं बदलून:
वादळ, पूर, आग यांत झालेली हानी मालकाची;
हलगर्जीपणाने झालेली, भाडेकरूची.
कुणी वाचत नव्हतं. मीसुद्धा.

आज दोघं एकाच बाकावर, मध्ये ओली छत्री.
सरखोतांची शेड, दोरकुळकरचं बर्फाचं मशीन,
आणि रस्त्यापलीकडे माडात अडकलेला पत्रा.

"वाऱ्याने नेला."
"मग शेजारचे कसे राहिले?
पाईप घालायला तूच बोल्ट काढलेस."
"चारातले तीन. चौथा तुमचा होता, गंजलेला."

दोघंही माझ्याकडे बघतात,
जणू अर्धविराम मी दिला म्हणून
वारा कुठे संपतो तेही मला ठाऊक असणार.
मी चष्मा पुसतो.
बर्फ तर कधीच वितळून समुद्राला मिळाला,
त्याचं कलमच नाही.

"ह्यालाच देतो परत," सरखोत कंटाळून म्हणतात,
"नाहीतर कोण घेतंय बिनछपराची?"

कागद चढवतो. आठपर्यंत बोटं आपोआप धावतात.
"बोल्ट एकूण किती लिहू?"
एक म्हणतो बारा.
दुसरा, सोळा.