परिशिष्ट

नाताळच्या आदल्या रात्री, ब्रसेल्समध्ये,
पिझ्झाचे रिकामे खोके खुर्चीवर सारून
झिंत्रा बसलीय मासळीच्या पानांशी.
आकडे अजून चौकोनी कंसात.
हेरिंग किती, मॅकरेल किती, कुठल्या वर्षापर्यंत.
वरच्या मजल्यावर घासाघीस चाललीय,
मधूनच अर्धा टक्का
लिफ्टने खाली येतो.

तिला त्याचं लाटवियन करायचंय.
'यथावकाश' आणि 'वाजवी मुदतीत'
यांच्यामध्ये अख्खा समुद्र आहे,
तिथे बोटी बुडतात.

लग्न ठरताना करतात ती यादी
हे मोडताना करतायत,
तीही एका रात्रीत.
लंडनला एका दिवसात हात वर करून मोकळं व्हायचंय,
इकडची संसद म्हणते, आधी वाचू तर द्या.
तोवर तात्पुरतं लागू.
'तात्पुरतं' हा शब्द ती तीनदा खोडते.

ऑस्टेंडहून मेहुण्याचा, वानेसचा फोन.
बोट धक्क्यालाच आहे.
'जाळं विकू की शिवू, एवढंच सांग.'

गुप्ततेच्या कागदावर सही आहे तिची.
ती म्हणते, 'शीव.'
मग बऱ्याच वेळाने,
'टाके सैल घाल.'