मुहर्रक, रात्रपाळी

बाहेर ऑगस्ट. आकाशात ढगाचा कपटा नाही
आणि मी संध्याकाळपासून ढगांची तुलना करते आहे.
साहेबांना तक्ता हवाय.
तीन रकाने, खाली एकच नाव.

ॲमेझॉन म्हणजे आमच्या कुडाळातलं जुनं दुकान,
सुतळीपासून समईपर्यंत सगळं मिळतं,
फक्त बिल वाचायला वेगळा माणूस ठेवावा लागतो.
अझूर दारातच ओळखतं दवाखान्यातल्या प्रत्येकाला,
कोण कितव्यांदा पासवर्ड विसरलं तेही.
गूगलला आकडे द्यावेत.
दहा वर्षांचे रक्ताचे रिपोर्ट
चहा निवायच्या आत मोजून समोर.

खालचा रकाना भरत नाही.
"कोण चांगलं?" याच्यापुढे "कशाला?" असं लिहिते,
आणि खोडते.

जूनमध्ये एका सेटिंगमध्ये चूक झाली. माझीच.
रात्री दोनला औषधांची यादी दिसेना,
हिद्दच्या वॉर्डातून सिस्टर लिसम्मा
फोनवर नुसतं "मोळे, वेगम्" म्हणत राहिली.
सात मिनिटं.
मग दुसऱ्या ढगातली प्रत उठली,
अर्ध्या तासाची शिळी, पण उठली.
भरवशाच्या म्हशीला टोणगा, आई म्हणते.
त्या रात्री म्हैस मी होते.

खाली जनरेटर बघणारे बू जासिम सांगतात,
त्यांचे आजोबा मोत्यांसाठी बुडी मारत.
नाकाला चिमटा, पायाला दगड,
वर होडीत दोर धरून दुसरा माणूस.
खाली जाणारा मोठा की ओढणारा,
हे वादाचं, पण किनाऱ्यावर आल्यावर.
आणि खाऱ्या समुद्राच्या तळाशी
कुठे कुठे गोड पाण्याचे झरे;
आजोबा कातडी पिशवी तोंडावर धरून भरून आणत.
म्हणून बहारीन, ते म्हणतात, दोन समुद्र,
आणि दोन बोटं एकमेकांत न अडकवता
नुसती शेजारी ठेवून दाखवतात.

पहाटे तक्ता पाठवला.
खालच्या रकान्यात एका नावाऐवजी
दोन नावं, आणि मध्ये: दोर कुणाच्या हातात?
साहेबांचं उत्तर मिनिटात आलं:
बजेट?

खाली उतरले. गुरुवार होता.
बू जासिम दर गुरुवारी जनरेटर
पाच मिनिटं चालवून बघतात,
दिवे सगळे लागलेले असताना,
मान कलती करून, ऐकत.