बदली गोलरक्षक

पहाटे पावणेपाच, सहकारनगर.
तिकडे बर्फावर कालची रात्र अजून संपायची आहे.
माझ्या वहीत केटोला शंभरातले ब्याण्णव अडवतो,
सलग दुसऱ्या रात्री मात्र एकोणनव्वद.
तीन टक्के. सगळी पैज त्या तीन टक्क्यांची.

खाली रसवंतीला लादी टाकायला शकील तांबोळी येतो,
गोणपाटाखाली बर्फ, सायकलमागे ओली रेघ.
‘आज कोण, सर?’
मी गॅलरीतूनच सांगतो,
पाहुणे कालही खेळलेत, झोप विमानात,
बचावफळी गळालेली. यजमानांवर दोनशे.
तो टोचा मारतो, उडालेला भुगा चिमटीत धरून बघतो.
‘तुमचा केटोला उभाच राहणार नाही.
माणूस दमला की आमच्याकडेपण
बदली पोरगा येतो. पाहुणे. दोनशे.’

आला की बदलीच!
एकोणीस वर्षांचा. माझ्या वहीत त्याची ओळच नाही,
सरासरी नाही, काही नाही.
आणि चौतीस वर्षं मी वर्गात ओरडत आलो,
नमुना लहान असेल तर तोंड उघडू नका रे.

पोरानं एकेचाळीस अडवले.
त्यातला एक पालथा पडून,
हातमोजा नुसताच वर, बुडणाऱ्यासारखा.

साडेआठला शकील रिकाम्या सायकलवर परत.
नोट त्यानं गोणपाटावर वाळत घातली,
माझा हात हातात घेऊन जोरात हलवला.

वर येऊन मी नवी ओळ आखली.
नाव. सामने, एक.
बोटं अजून गार होती,
आकडा थोडा फुटला.