पाण्याची पाळी

आज रात्रीची पाळी आपली आहे, इथेल.
तू नाहीस, म्हणून दारं मी धरते.
कंदील फावड्याच्या दांड्याला टांगलाय,
पाय घोट्यापर्यंत चिखलात,
आणि चुबुत नदीचं गार पाणी गव्हाच्या वाफ्यात
मांजरासारखं न विचारता शिरतंय.

हा पाट खणला तेव्हा माणसं अकरा होती, फावडी चार.
उरलेल्यांनी ताटल्यांनी माती उपसली.
तुझ्या बापानं वेल्समधल्या कोळशाच्या खाणीत
उभं आयुष्य आडवं पडून खणलेलं.
इथे निदान उभ्यानं खणता येतं, म्हणायचा.
पहिल्या साली पेरलं ते वाऱ्यानं नेलं.
दुसऱ्या साली नदीनं.
गंजी, कोंबड्या, प्रार्थनाघरातला बाक,
माझी शिवणाची पेटी,
सगळं वरातीसारखं समुद्राकडे निघालं.
तरी कुणी परत गेलं नाही.
(जायला जहाज नव्हतं, हेही खरं.)

मग पश्चिमेकडून तो परका आला,
घोडा लंगडा, आणि तंबाखूच्या डबीत
मसुराएवढा एक खडा.
प्रार्थनेनंतर तो हातोहात फिरला.
माझ्या तळहातावर आला तेव्हा कोमट होता,
चाळीसजणांच्या घामानं.
सोमवारी दोरखंड महागला.
बुधवारी अख्ख्या खोऱ्यात दाढीवाले दोनच उरले,
पाद्री आणि मारेदचा बोकड.

तेवेल्चे म्हातारी अजून येते, ग्वानाकोचं मांस घेऊन.
आमचा एकच शब्द तिनं उचललाय: बारा. म्हणजे पाव.
'बारा,' म्हणते ती, आणि मी पाव देते.
परवा तिला खुणेनं विचारलं,
डोंगराकडे गेलेली आमची माणसं दिसली का?
तिनं मूठ मिटली, माझ्यासमोर धरली, उघडली.
रिकामी होती.
नाही म्हणाली, की माहीत नाही म्हणाली,
मला कळलं नाही.

तुझं पत्र मिळालं.
चार ओळी बर्फ, एक ओळ मी.
सोबत कागदाच्या पुडीत चिमूटभर सोनं,
तापाच्या औषधासारखं.
ह्यूच्या दुकानात नेलं. त्याच्याकडे काटा एकच, गव्हाचा.
पुडी ठेवली. काटा हलला नाही.
चष्मा पुसून त्यानं पुन्हा ठेवली.
मग माझ्याकडे न बघता म्हणाला,
'साबण घेऊन जा, ग्वेन्लियन. हिशेब होईल कधीतरी.'

पुडी पिठाच्या डब्यामागे आहे.
माबोन विचारतो, हे पेरतात का?

शेवटचा वाफा भरत आला.
बांधापलीकडून मारेद हाक मारते, पुढची पाळी तिची.
तिच्यापुढे आणखी कंदील, सगळे बायकांच्या हातात.
मी पाणी तोडते, तिच्याकडे वळवते.

घराचं दार उघडंच टाकून आलेय, इथेल.
तेही धरून बसायचं म्हटलं
तर गहू कोण भिजवणार.