विरजणाची वाटी

संप मिटला हे आम्हाला कळलं
पहाटे चार चाळीसला,
डेपोत जुन्या लेलँडने घसा खाकरला तेव्हा.
पंधरा दिवस इतकं शांत होतं
की माळ्यावरचा उंदीरही ऐकू यायचा.

ह्यांनी गाडी काढली होती नवव्या दिवशी.
खानापूर–कणकुंबी, अकरा पॅसेंजर,
पुढे पोलिसांची जीप, मागे कुणी नाही.
मलप्रभेच्या पुलाजवळ दगड आला.
काच फुटली नाही, नुसती तडकली,
कोळ्याने अर्धं जाळं विणून सोडावं तशी.
का काढली, ते सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.
नोटीस दोन्ही दारांवर आली होती,
आमच्याही, फकीरप्पाच्याही.
त्याने तिच्या पाठीवर दुधाचा हिशेब लिहिला.

आता सगळ्या गाड्या सुटतात.
तीच काच, वर चिकटपट्टी,
पासाच्या खिडकीशी तीच कॉलेजची पोरं.
फक्त ह्यांच्या टेबलावर
चहाला कुणी बसत नाही.
कॅन्टीनवाला ग्लास ठेवतो
आणि उन्हाबद्दल बोलतो.

फकीरप्पाची बदली हिरेकेरूरला.
कागदावर ‘प्रशासकीय कारण’.
कणकुंबीच्या रूटवर
चार्टात नसलेले थांबे त्याला पाठ होते:
फणसाचं झाड, खचलेली मोरी,
बायजाक्काचं वळण.
पाटी कन्नड, हाळी मराठी, शिव्या दोन्हींत.
शनिवारी गदगचा नवा पोरगा आला;
बायजाक्का दोन किलोमीटर पुढे उतरली,
डोक्यावर शेवग्याचा भारा घेऊन
शिव्या देत परत चालत आली. कुणाला, ते कळेना.

गिरिजव्वा आणि मी,
एका भिंतीचे दोन संसार, सहा वर्षं.
माझं दही तिच्या विरजणाचं, तिचं माझ्या,
मूळ कुणाचं ते देवाला ठाऊक.
नवव्या दिवसानंतर
माझं दूध उतू जाताना दिसलं
तरी तिने हाक मारली नाही.
मी दुकानातलं पाकिटाचं दही आणलं.
त्याला तार सुटायची.

टेम्पो आला त्या सकाळी:
गॅसची टाकी, देव्हारा, पोराची सायकल,
शेवटी तुळस, तिच्या मांडीवर.
जाताना ती ‘बर्तीनि’ म्हणाली नाही.
आम्ही ‘येते’ म्हणतो, तसंच ते.
पदर नीट केला
आणि ड्रायव्हरला म्हणाली, चला.

दुपारी दारात माझी स्टीलची वाटी,
बुडाला माझं माहेरचं नाव कोरलेली,
संक्रांतीला तिळगूळ घालून दिलेली.
घासलेली दिसत होती.
आमच्यात काय, त्यांच्यात काय,
भांडं रिकामं परत करत नाहीत.
उन्हात नेऊन तिरकी करून बघितली.
तळाशी साखरेचे चार दाणे.
ठेवलेले, की राहून गेलेले?

हे डबा मागत होते.
पाच दहाची वस्तीची गाडी.
वाटी न विसळता ओट्यावर ठेवली.
मुंग्या यायच्या आत
काहीतरी ठरवायला हवं होतं.