ऐंशी मिनिटं

चाळीस मिनिटांचा सामना, फॉरवर्डच्या जागा दोन.
ऐंशी मिनिटं, खाणारी तोंडं पाच.
पानेवेझिसच्या हॉटेलात, कॉफीचा डाग पडलेल्या कागदावर
पुन्हा वाटणी मांडतो:
तौत्विदासला अठ्ठावीस, त्याचा करारच तसा बोलतो.
अमेरिकेहून आलेल्या टेव्हियनला सव्वीस.
दोघा पोरांना मिळून वीस;
कुरकुरतील, पण पळतील.

उरली सहा.

रिमविदासचा गुडघा बर्फाच्या पिशवीखालून
माझ्याकडे बघत असतो.
अकरा वर्षांपूर्वी मीच म्हणालो होतो,
दमलास की सांग.
अजून सांगितलेलं नाही.

सकाळी बसमध्ये शेजारी येऊन बसला,
कागद ओढून घेतला,
सहाचे चार केले,
दोन धाकट्या इग्नासच्या नावापुढे लिहिली.
"पण शेवटची चार हं," म्हणाला, "पहिली नकोत.
अंग तापायलाच मला आता
अर्धा सामना लागतो."