पेन्सिलीच्या खुणा

विडी कारखान्यानं दिलेलं कॅलेंडर.
छापील सण लाल आकड्यांत,
आईच्या खुणा पेन्सिलीच्या:
बारीक गोल म्हणजे नळाला पाणी.
पाच दिवसांनी गोल, परत पाच दिवसांनी गोल.
लाल आकड्यावर गोल आला, तर पुरणपोळी.
नाही आला, तर शिरा,
आणि "देवाला काय, गोडाशी मतलब."

गड्ड्याला मात्र ती गोल बघत नाही.
बाराबंदीतली पांढरी गर्दी,
माणसांवरून चालत येणाऱ्या उंच काठ्या,
कुणीतरी ओरडतं, "तारा बघा, तारा!"
नवरा समोर नाही, त्याचा योगदंड असतो,
तरी दरवर्षी आम्ही वऱ्हाडी,
मुठीत घामेजलेल्या अक्षता.
अंबादास त्यातल्या निम्म्या तिथंच चघळतो
आणि मौत का कुआँ बघायला पळतो.

रंगखात्यात बाबांचे हात
फाल्गुनातच निळे होतात.
एप्रिलात तोच निळा
बुधवार पेठेत वाऱ्यावर उभा राहतो.
बाबा लांबून बघतात,
"पक्का बसलाय," म्हणतात.

ईदेला हसीनाबीचा डबा येतो.
शीरखुर्मा संपतो, डबा राहतो.
रिकामा कसा पाठवायचा?
आई शेंगाचटणी दाबून दाबून भरते.
आठ दिवसांनी तोच डबा परत, आत खजूर.
हा डबा नेमका कुणाचा
हे आता दोन्ही घरांत कुणाला आठवत नाही.

नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ.
बाबा नवं जानवं घालतात.
पोसव्वा आत्या आधी भावाला राखी बांधते,
मग मागाच्या दांडीला.
"वर्षभर खायला कोण घालतं?"

तरवडाची पिवळी फुलं,
परातीत चढत जाणारी बतकम्मा.
आईच्या बोटांना पानतंबाखूचा वास,
तो फुलांनीही जात नाही.
तेलुगूत गाताना ती
मराठीतल्यापेक्षा जरा उंच दिसते.

आणि दिवाळी म्हणजे माग बंद.
बोनस, कपडे, चकल्या हे सगळं खरं,
पण आधी माग बंद.
आळीतली खडखड थांबते
आणि कुणाचाच डोळा लागत नाही.
बाबा उठून दार उघडतात.
"काय झालं?"
"काही नाही. आवाज नाही."

यंदा लक्ष्मीपूजनाच्या रात्री, अडीचला,
कॅलेंडरवर गोल नसताना
नळ फुसफुसला.
सगळे जागेच होते.
बादल्या, घागरी, हसीनाबीचं पिंप,
सायकलवर कॅन बांधून इरण्णा,
एवढ्यात कुणीतरी उरलेलं भुईचक्र लावलं
आणि ओल्या फरशीवर ते दोनदा फिरलं.

आमचे हंडे भरले, कळशा भरल्या,
कढई भरली, डबा भरला (तोच),
आई तरी थांबेना.
शेवटी रांगोळीची वाटी विसळून
तीही तिनं नळाखाली धरली.